ब्रेकला हवा
राजाराम डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. मुलगी रेणू हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिची इंजिनिअरिंगची ॲडमिशन पक्की झाली होती. तिला मात्र डेट्रॉइटच्या डिझाइन कॉलेजात मातीतून गाड्यांचे नमुने घडवायला शिकायचं होतं. "एकदा बघ तर, बाबा," म्हणून ती मागेच लागली, तेव्हा २००४च्या मार्चमधल्या एका शनिवारी तो तिला तिथे घेऊन गेला. हॉलमध्ये खऱ्या मापाची, तपकिरी मातीची गाडी उभी होती. आलेल्या मुलांनाही तिच्यावर हात चालवून बघायची मुभा होती. राजाराम पुढच्या चाकाशी वाकला आणि म्हणाला, "इथून ब्रेकला हवा मिळणार नाही. तापेल तो." "मग इथे भोक पाडायचं का?" रेणूने विचारलं. "पाडायला हवं, पण डिझाइनवाल्यांना ते कुरूप दिसतं." रेणूने तिथल्या शिकवणाऱ्या बाईंकडून माती खरवडायचं पातं मागून घेतलं. गाडीच्या पुढच्या दिव्याखालच्या वळणाला धरून तिने हळूहळू माती खरवडली आणि एक अरुंद फट उघडली. ती मुळापासूनच तिथे असावी अशी शोभत होती. राजारामने तिच्यात बोट घालून पाहिलं. परतताना त्याने गाडीतला रेडिओ बंद केला. "बाबा, आर यू अपसेट?" रेणूने विचारलं. "नाही गं," तो हसला. "सोमवारी ती इंजिनिअरिंगची ॲडमिशन कॅन्सल करू. एवढ्याशा फटीसाठी मी ऑफिसात वर्षानुवर्षं डिझाइनवाल्यांशी भांडतोय. त्यांच्यात एक आपलं माणूस हवंच."