बेल्गासेमची वाटणी

बेल्गासेमने दोरीचं टोक पूर्वेच्या खजुरीला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक घेऊन तो बाग ओलांडू लागला. बागेचे दोन भाग पाडणारी दोरी त्याने टाकायची, भाग जमीनवाल्या लमीनने निवडायचा, मग फातिहाची प्रार्थना म्हणायची. फातिहा झाली की वाटणी पक्की. दूझ गावाच्या वाळूत झाडं लावणारा आणि जमीनवाला यांची वाटणी अशीच होत आली होती.

"दोरी वाकडी चाललीय," गावचा मुखिया, ओम्दा, सावलीतून म्हणाला. तो साक्षीला आला होता आणि चहा मिळेपर्यंत उठणार नव्हता. "लग्नात तुझा हात एवढा थरथरला नव्हता."

"तेव्हा समोर तू नव्हतास."

लमीन हसला. त्याच्या हातात फोन होता आणि झाडं मोजून तो त्यात काहीतरी लिहीत होता.

बावीस वर्षांपूर्वी लमीनच्या वडिलांनी, हाज तिजानींनी, बेल्गासेमला इथे आणलं तेव्हा इथे नुसती वाळू होती. सकाळी खणलेला खड्डा संध्याकाळी भरून जायचा. "झाडं लाव," हाज म्हणाले होते, "फळ धरलं की अर्धी जमीन तुझी." फळ धरूनही पंधरा वर्षं झाली. वाटणीची गोष्ट दोघांपैकी कुणीच काढली नाही. दर हंगामात हाज एखाददुसरं पोतं त्याच्या गाढवावर जास्त चढवायचे आणि दर हंगामात बेल्गासेम ते उतरवायचा. "नको, मब्रूका रागावेल," म्हणायचा. मब्रूका, त्याची बायको, कुंपणाआड हसत असायची.

या हिवाळ्यात हाज गेले. लमीन स्फाक्स शहरातून आला आणि सरळच बोलला. "काका, मला शेती जमायची नाही. माझ्या वाट्याला येईल ते चुलतभावाला देणार आहे. फळाची झाडं असतील तर तो राखेल. नाहीतर त्याला ट्रक उभे करायला जागा हवीच आहे."

तेव्हापासून बेल्गासेमला घास गोड लागत नव्हता.

कारण दक्षिणेच्या टोकाला तुती होती. पहिल्या वर्षी लावलेल्या साठ रोपांतलं ते एकटंच जगलं होतं. मब्रूकाने ते खरकट्या पाण्यावर जगवलं. कणकेची परात धुतलेलं पाणीही ती तिथवर नेऊन ओतायची. तुतीच्या सावलीत डाळिंब लागलं, डाळिंबाच्या आडोशाला अंजीर, आणि वाळूनेच हात टेकले. संध्याकाळी दोघं तुतीखाली बसायची आणि ती म्हणायची, "आता आपण नसलो तरी हे चालेल बघ." तीन वर्षं झाली ती जाऊन. बेल्गासेम अजूनही चहाचे दोन पेले घेऊन बसायचा आणि दुसरा गार झाला की बुंध्याशी ओतायचा.

ती तुती त्याला हवी होती. बाकी काही नाही.

म्हणून त्याने दोरी अशी टाकली की दग्ला जातीच्या सगळ्या खजुरी, चांगली डाळिंबं, विहीर, सगळं उत्तरेला गेलं. दक्षिणेला उरली म्हातारी डाळिंबं-अंजिरं, बाभळी, निवडुंग आणि ती तुती. महिनाभर त्याने तिकडे पाण्याचं दारंसुद्धा धरलं नव्हतं. झावळ्यांचं कुंपण एका ठिकाणी स्वतःच मोडून वाळू आत येऊ दिली होती. लबाडीच होती ती, आणि त्याला तिची लाज वाटत होती. पण उत्तर सोडून हे भकास रान मागेल असा माणूस जन्माला यायचा होता.

दोरी पश्चिमेच्या खुंटाला बांधून झाली. लमीन दोन्हीकडे फिरून आला. दक्षिणेला तो बराच वेळ उभा राहिला आणि चपलेतली वाळू झटकली.

"काका, खरं सांगा," तो म्हणाला. "एकट्या माणसाला, फारसे हात न हलवता, पिकेल असा भाग कोणता?"

फुकट खायला हवंय साहेबांना, बेल्गासेमच्या मनात आलं. त्याला हायसं वाटलं.

"उत्तर," तो म्हणाला. "मुळं ओलीला पोचलीत. वर्षातून एकदा नराचा मोहोर मादीला बांधायचा, एकदा घड उतरवायचे. पडलेला पाला तसाच राहू दे, तोच खत होतो. नुसतं बसून खायचं."

"आणि दक्षिण?"

"बघितलीस ना. रोज वाळू उपसत बसावं लागेल."

ओम्दाने मान डोलावली. "खरं बोलतोय तो. स्वतःचं नुकसान करून खरं बोलणारा हा एकच माणूस आहे गावात."

लमीनने फोन खिशात टाकला.

"मग मी दक्षिण घेतो."

बेल्गासेमला आधी हसूच आलं. "चेष्टा करू नकोस. तिथे आहे काय?"

"काही नाही, म्हणूनच. ट्रक मावतील. तुमचं वय झालं, काका. उत्तर तुम्ही घ्या, बसून खा."

"नको रे. मला दक्षिणच दे. मी हात जोडतो."

ओम्दाचे डोळे ओलावले. फातिहासाठी त्याने तळहात वर केले.

"थांब जरा," बेल्गासेमने त्याचे हात खाली ओढले. "लमीन, ती तुती मब्रूकाची आहे. तिने जगवली. मला तेवढीच हवी आहे, बाळा, तिच्यासाठी."

लमीन पुढे झाला आणि त्याने म्हाताऱ्याचं कपाळ चुंबलं.

"बाबांनी जाताना बजावलं होतं मला," तो म्हणाला. "चांगला भाग बेल्गासेमला द्यायचा. तो घेणार नाही, हात जोडेल, मब्रूकाचं नाव पुढे करेल. अजिबात ऐकायचं नाही."