स्टेरिंगखालचा स्क्रू

"हा स्क्रू ज्या गाढवानं आवळला ना, त्याला मला एकदा बघायचं हाये," गयासोद्दीन गाडीच्या आतून म्हणाला. तो उताणा पडला होता. डोकं ब्रेकपाशी, पाय दाराबाहेर. स्टेरिंगखालच्या स्क्रूवर पेचकस टेकवून त्यानं तिसऱ्यांदा जोर लावला आणि पेचकस तिसऱ्यांदा नुसताच गर्रकन फिरला. स्क्रूच्या डोक्यावरची खाच पार झिजून गेली होती.

उषाबाई बाहेर स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

काम खरं तर अर्ध्या तासाचं. जुन्या पांढऱ्या गाडीची चावी फिरत नव्हती, म्हणजे चावीचं लॉक बदलायचं. लॉक बदलायचं तर कव्हर काढायचं, कव्हर काढायचं तर स्क्रू, आणि स्क्रू काही ऐकेना. सकाळी चार जणांनी गाडी ढकलत बदनापूरच्या या गॅरेजात आणली, तेव्हाच उषाबाईंनी सांगून टाकलं होतं. पोरानं पुण्याहून निकाल दिलाय. आज गाडी चालू झाली तर राहील, न्हाई तर उद्या भंगारवाला उचलून नेणार. "मला ती ठेवायची हाये," एवढंच त्या पुढं म्हणाल्या होत्या.

आता गयासोद्दीनची एक पद्धत होती. कुठलीही गाडी उघडली की आधीच्या मिस्त्रीचा उद्धार करायचा. त्याशिवाय हाताला जोर येत नाही, असं त्याचं ठाम मत. सव्वीस वर्षांच्या धंद्यात आधीच्या मिस्त्रीनं बरोबर केलेलं काम त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. सगळे मिस्त्री असंच म्हणतात, ही गोष्ट वेगळी.

त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये धरून पेचकस दाबला. "आंधळा होता का हा?" हातोडीनं दोन टोले दिले. "ह्याच्या खानदानात कुणी पेचकस पाहिल्ता का?" शेवटी त्यानं करवतीचं पातं घेतलं आणि स्क्रूच्या डोक्यावर नवी खाच पाडायला बसला. "स्टारच्या खाचेत चपटा पेचकस घालून पिळलाय, बाई! वर रेड्यावानी जोर. लिहून देतो, स्वतःला लई हुशार समजत असणार. कुणाचं ऐकत नसणार. ह्याची बायको रोज कपाळ बडवून घेत असणार."

उषाबाईंनी पदर तोंडाशी धरला. गयासोद्दीनला वाटलं, लोखंडाचा कीस उडाला.

"नाव सांगा त्याचं. कुठं बसतो? जालन्यात?"

"नाव न्हाई घेत मी."

"बराबर! असल्या माणसाचं नाव बिलकुल घ्यायचं न्हाई!"

पातं आणखी दोनदा चाललं आणि थांबलं. गयासोद्दीनच्या गल्लीतल्या जुन्या बाया एकाच माणसाचं नाव घेत नाहीत. त्याच्या अम्मीनंही जन्मभर अब्बांचं नाव घेतलं नव्हतं. तो घाईनं उठायला गेला, स्टेरिंगवर डोकं आपटलं. बाहेर येऊन त्यानं सकाळपासून पहिल्यांदा बाईंच्या कपाळाकडं पाहिलं. कपाळावर कुंकू नव्हतं.

"मालक तुमचे?"

"हां. दीड वर्ष झालं जाऊन. गाडीचं समदं घरीच करायचे."

"तौबा, तौबा." गयासोद्दीननं दोन्ही कान धरले. "माफ करा बाई. गेलेल्या माणसाला मी काय काय बोलून राह्यलो."

मग तो गुपचूप कामाला लागला. सव्वीस वर्षांत त्या गॅरेजात इतकी शांतता कधी झाली नव्हती. शेजारचा पंक्चरवाला दोनदा डोकावून गेला. खाच पडली, पेचकस बसला, पण स्क्रू तसूभर हलला नाही.

"असा न्हाई निघायचा तो," उषाबाई म्हणाल्या. "त्यात गोंद ओतलाय. पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला जाताना खडखड वाजायचा म्हणून. मी बॅटरी धरून उभी होते. म्हणलं, नका ओतू. तर म्हणले, तू उजेड नीट धर."

गयासोद्दीनच्या ओठांवर एक सणसणीत शिवी आली. ती त्यानं गिळली. सळई तापवली, स्क्रूच्या डोक्यावर टेकवली, गोंदाचा घाण वास सुटला. मग पेचकस फिरवला. कुर्रर्र करत स्क्रू बाहेर आला.

"निघाला, बाई."

उषाबाईंना त्याचा आनंद झालेला दिसेना. "गयासभाई, तुम्ही गप का झालात?"

"आता काय बोलू? चांगलेच असतील बिचारे."

"तेच!" बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "दीड वर्ष झालं, जो येतो तो हेच म्हणतो. चांगले होते, देवमाणूस होते. फोटोला हार घालायचा, हात जोडायचे, झालं. पोरगं तसंच. मी बी तसंच बोलायला लागले. मंग मला फोटोच आठवतो, माणूस आठवतच न्हाई. सकाळी तुम्ही गाढव म्हणले, अन्..." त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आलं. "अन् एकदम समोर येऊन उभे राह्यले. कपाळाला वंगण, अन् माझ्यावरच वसकन ओरडून राह्यले."

गयासोद्दीन हात पुसत परत गाडीत शिरला. कव्हर ओढून पाहिलं. ते निघालं नाही. मागच्या अंगाला आणखी एक स्क्रू होता, आणि त्याचीही खाच गेलेली होती. तो त्याच्याकडं बघत राहिला. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

उषाबाईंनी स्टूल ओढत गाडीच्या दाराशी आणलं आणि पर्स खाली ठेवून ठाण मांडून बसल्या.

"तो बी त्यांनीच बसवलाय," त्या म्हणाल्या. "सावकाश काढा. अन् मन मोकळं करून बोला."