रागिणीची हळद

आईचं नाव टाकूनही फोल्डर उघडलं नाही, तेव्हा मैथिलीने लॅपटॉप जरा जोरातच पुढे ढकलला.

टेबलाखाली वडिलांचा जुना कम्प्युटर घरघरत होता. त्याचा पडदा कधीचाच गेला होता. एका विद्यार्थ्याने वडिलांना, म्हणजे चिंतामणसरांना, त्यावर विंडोज काढून लिनक्स घालून दिलं होतं. मैथिलीच्या लॅपटॉपवर नवं कोरं विंडोज. दोघं एकाच वायफायवर होते, एकमेकांना दिसतही होते, पण बोलायला तयार नव्हते. ‘गाणी’ नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली की पासवर्ड मागणारी चौकट यायची. काहीही टाका, इंग्रजीतला तोच लांबलचक निरोप यायचा आणि मैथिली तो न वाचताच बंद करायची. पुण्यात कम्प्युटरच्याच कंपनीत आठ वर्षं काढलेली बाई, आणि बापाचं एक फोल्डर उघडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर मनकर्णाबाई बसल्या होत्या. चांदूर बाजारजवळ त्यांचा झेंडूचा मळा. उद्या नातीची, वर्षालीची हळद. वर्षालीची आई, म्हणजे मनकर्णाबाईंची लेक रागिणी, पाच वर्षांपूर्वी दुखण्यात गेली. जायच्या महिनाभर आधी ती याच खोलीत येऊन हळदीचं गाणं म्हणून गेली होती. चिंतामणसरांनी ते रेकॉर्ड करून ठेवलं होतं. मांडवात पहिलं गाणं आईचं असतं. ते न्यायला मनकर्णाबाई आल्या होत्या, आणि पाचची एसटी चुकवून चालणार नव्हतं. सर दोन महिन्यांपूर्वी वारले, हे त्यांना राजापेठेच्या थांब्यावर एसटीतून उतरल्यावर कळलं.

“होते का वं पोरी?”

“करतेय, आजी.”

घरचा नंबर, स्कूटरचा नंबर, सरांचं गाव, सगळं टाकून झालं होतं. एकच नाव मैथिली टाळत होती. सात वर्षांपूर्वी तिने लग्न केलं ते घरी न विचारता. त्यानंतर सर होते तोवर ती या घरात आली नव्हती. येऊ नको, असं सर कधी म्हणाले नव्हते. ये, असंही म्हणाले नव्हते. तिने नेमकं दुसरंच तेवढं मनात धरून ठेवलं होतं.

शेवटी तिने स्वतःचं नाव टाकलं. बोट क्षणभर थांबलं, मग दाबलं.

तोच निरोप.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. आपलं नाव कशाला ठेवतील ते? “आजी, बाबांनी याला कुलूप घातलंय,” ती म्हणाली. “मी उघडू नये म्हणूनच घातलं असेल.”

मनकर्णाबाईंनी खुळ्या माणसाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

“सर अन् कुलूप? काऊन वं? तीस वर्सं येऊन राहिली मी या घरी. सकाळी आली, भर दुपारी आली, दाराले हात लावला का उघडे. सर घरी नसले तरी उघडे. जे लावलंच नाई, त्याची किल्ली तुले कुठून भेटन?”

मैथिलीने पुन्हा टिचकी मारली. निरोप आला आणि या वेळी तिने तो वाचला.

त्या कम्प्युटरने तिला अडवलंच नव्हतं. फोल्डरला पासवर्डच नव्हता; ती चौकटही लॅपटॉपचीच होती. ज्या दाराला कुलूप नाही त्या दारातून आत जायला तिचाच लॅपटॉप नकार देत होता. पासवर्ड नसलेल्या फोल्डरात शिरायचं नाही, अशी नव्या विंडोजची शिस्तच आहे. दुपारभर तो तेच सांगत होता.

तिने लॅपटॉपला दोन ओळींची आज्ञा देऊन ती मनाई उठवली. फोल्डर उघडलं.

आत गावंच गावं होती. कौंडण्यपूर, चांदूर बाजार, अकोल्याकडची कितीतरी. प्रत्येक गावात बायांची नावं, नावापुढे तारीख. मैथिली खाली सरकत राहिली, यादी संपेना. सातशेवर बाया होत्या. वडील रविवारी स्कूटर काढून जायचे ते कुठे, हे तिला आज कळत होतं. एवढी माणसं या खोक्यात बसली होती आणि सख्ख्या लेकीलाच पत्ता नव्हता.

तिने रागिणीचं नाव शोधून आवाज लावला.

“हळद वाटू वाटू हात झाले सोन्याचे,
दिस आले माय माझ्या लेकीच्या मानाचे...”

आवाज थकलेला होता, पण सुरात होता. मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि लॅपटॉपसमोर हात जोडले. मेलेली लेक उद्याच्या मांडवाचं गाणं म्हणत होती आणि म्हातारी एक शब्दही निसटू देत नव्हती.

गाणं संपलं. मैथिली बंद करायला गेली तेवढ्यात रागिणी खोकली, आणि गाण्यातला नव्हे, साधा बोलण्यातला तिचा आवाज आला.

“सर, याले कुलूप नाई घालत का तुमी? कोनी चोरून नेलं तं?”

मग सात वर्षांत न ऐकलेला आवाज आला. जरा घोगरा, हसरा.

“नेऊ दे ना, गाणीच तर आहेत. माझी मैथिली येईल कधीतरी, रागिणीबाई. तेव्हा मी नसलो, तर किल्ली कोणाला मागेल ती?”