ब्रेकची वायर

गाड्या माणसांऐवजी रस्ताच चालवू लागला, तेव्हापासून तांबोळी मिस्त्रींकडे एकच काम यायचं: स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर खोटा काटा बसवायचा. गाडी रस्त्याच्या मर्जीनं साठनंच जायची, पण काटा दोनशे दाखवायचा आणि स्पीकरमधून इंजिन गुरगुरायचं. अकरा वर्षं हेच करून मिस्त्रींचा जीव विटला होता.

आज घोरपडेबाईंची लाल गाडी होती. बाईंनी तरुणपणी शर्यती गाजवल्या होत्या. आता सत्तरी उलटलेली. नवा डॅशबोर्ड बघायला दोघं घाटात निघाले. बाईंच्या शेजारी बसून मिस्त्री जांभया देत होते. काटा दोनशेवर गेला, इंजिननं डरकाळी फोडली. समोर वळण आलं आणि बाईंनी ब्रेक दाबला.

काटा हललाच नाही. गाडी आपली शहाण्यासारखी वळली, पण बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"मिस्त्री, ब्रेक?"

"त्याची वायर काट्याला जोडतच नाही, बाईसाहेब. आजवर कुणी दाबलाच नाही."

"मग त्यातल्या एकालाही गाडी चालवता येत नव्हती."

मिस्त्री काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. जिथं ब्रेकच नव्हता, तिथं त्यांचाही उजवा पाय गच्च रोवलेला होता.