साखळीतला हात

दुष्काळामुळं पाटोद्याच्या निजामी कचेरीबाहेर धान्याच्या चिठ्ठीसाठी माणसं तीन दिवस ताटकळत होती. आत म्हातारे कारकून इसाकमियाँ अर्ज डोळ्यांशी नेत, पुन्हा लांब धरत. "आज गठ्ठा संपला नाही तर उद्यापासून घरी बसा," तहसीलदारांनी त्यांना बजावलं. शेजारी बसणाऱ्या आश्रुबाची पहिलीच नोकरी, चौथा दिवस. धारूरला हुतुतू खेळताना गुडघा दुखणाऱ्या गड्याचा हात साखळीत तोच धरायचा, समोरच्यांना कळू द्यायचा नाही. आश्रुबा अलगद त्यांच्याजवळ सरकला. "चाचा, माझं उर्दू कच्चं हाय. मोठ्यानं वाचतो, चुकलं तर सांगा." तो वाची, कायदे तोंडपाठ असलेले इसाकमियाँ हुकूम सांगत, तो लिही. दिवस मावळताना अंगण रिकामं झालं. दोघं भिंतीला टेकले. "एकदाबी अडखळला न्हाईस, बेटा," इसाकमियाँ हळूच म्हणाले. आश्रुबानं ताठलेली बोटं चोळली. "उद्या डोंगराकडची गावं येणार, चाचा. लवकर या."