अस्वलाचा पदर

अस्वलाच्या आत ललिता होती. बाहेर मे महिना होता आणि आतही मे महिनाच होता. फक्त आतल्याला केस होते.

बडनेऱ्याच्या पुढं, अकोल्याच्या रस्त्यावर असलेल्या मौजनगरीत त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. घसरगुंडीवरून सुटलेली माणसं पाण्यात न पडता एकमेकांच्या मांडीवर पडत होती. आकाशपाळण्यातून काहींचा चिवडा त्यांच्याआधी खाली येत होता. या गर्दीत अस्वलानं नाचायचं, पोरांशी हात मिळवायचा, फोटोला उभं राहायचं. बोलायचं नाही, बसायचं नाही, लोकांसमोर मुंडकं काढून पाणी प्यायचं नाही. मागं एकदा हत्तीनं ते केलं होतं. दोन लेकरं त्यानंतर आठवडाभर जेवलीच नाहीत म्हणतात.

ललिताला दिसायचं ते अस्वलाच्या दातांमधून. शेपटी कोण ओढतंय हे पाहायला पूर्ण गिरकी घ्यावी लागे, आणि घेतली की लोक टाळ्या वाजवत. मग आणखी चार जण शेपटी ओढत. ललिता गिरक्या घेत होती. तिच्या पोरींची नांदगावातली शाळा याच अस्वलावर चालली होती आणि ती बंद पडू द्यायची नाही, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. हे अस्वल नवऱ्याला ठाऊक होतं. बाकी घराला मात्र इतकंच ठाऊक, की ललिता तिकिटाच्या खिडकीत बसते. पंख्याखाली.

अशात दातांच्या फटीतून तिला एक धोतर दिसलं. वर पांढरी टोपी, हातात जपून धरलेलं तिकीट. भगवंतराव! नवऱ्याचे थोरले भाऊ.

भासऱ्यानं भावजयीशी थेट बोलायचं नाही, आणि तिनं तर त्याच्यासमोर तोंडच उघडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. मध्ये लेकरू असलं तर लेकराला सांगायचं, नसलं तर भिंतीला. "सांगजो तिले, चहा ठेव म्हणा." भिंतीनं आजवर एकही निरोप चुकवला नव्हता.

खरं तर ललितानं नुसतं नाचत राहायचं होतं. केसाळ अस्वलाला कोण ओळखतं? पण डोक्याला काही कळायच्या आत उजवा पंजा वर गेला. त्यानं कानामागचा नसलेला पदर चिमटीत धरला, कपाळापर्यंत ओढला, आणि अस्वल अंग चोरून, पाठ अर्धी वळवून बाजूला उभं राहिलं.

"मायबाई!" गर्दीतली एक बाई ओरडली, "अस्वल सासुरवाशीण हाये वं!"

हशा उसळला. जनावरांवर देखरेख करणारा साजिद धावत आला आणि अस्वलाच्या कानात कुजबुजला, "ओ ताई, हे काय करून राह्यल्या तुमी?" मग त्यानं गर्दीकडं पाहिलं. "नाई नाई, करा, करा! पब्लिक एकदम खूश हाये. रोज करत जा!" आणि तो हत्तीकडं पळाला. हत्ती बसायच्या बेतात होता.

हसले नव्हते ते एकटे भगवंतराव. ते खाकरून घरात शिरले की हा हात असाच वर जाई, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ते जवळ आले.

ललिता पळाली नाही. पदराची चिमूटही सोडली नाही.

भगवंतराव खाकरले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. भिंत कुठंच नव्हती. कचरा टाकायला तोंड उघडं ठेवलेला सिमेंटचा एक पेंग्विन तेवढा शेजारी उभा होता. ते त्याच्याकडं वळले.

"सांगजो तिले," ते पेंग्विनला म्हणाले, "म्या ओळखलं."

पेंग्विनच्या तोंडात आईस्क्रीमचा कप होता. तो गप्प राहिला.

"आन् तिकिटाच्या खिडकीत पाहून आलो, म्हणा. तिथं दुसरीच बाई हाये."

तोंड उघडायचं नाही, हा मौजनगरीचा नियम होता आणि घरचाही. ललितानं दोन्ही एकदमच मोडले.

"त्याईले सांगा," अस्वल पेंग्विनला म्हणालं, "मी ही नोकरी सोडणार नाई. कोनी काई म्हनो."

शेजारच्या एका पोरीच्या हातातली कुल्फी खाली पडली.

भगवंतरावांनी टोपी काढून मानेवरचा घाम पुसला.

"सोड कोन म्हनते?" ते म्हणाले. "म्या का इथं पाळण्यात बसाले आलो? चौकीदार तिकिटाबिगर आत सोडत नव्हता, म्हनून काढलं." मग आवाज इतका खाली गेला, की पेंग्विनलाही वाकावं लागलं असतं. "औंदाबी कपाशी लाल्या रोगानं नेली. दोघा भावाईचं काम नाई उरलं वावरात. इचारजो तिले, इथं अजून एखांदं जनावर लागते का म्हणा."

अस्वलानं ऑफिसच्या दिशेला पंजा केला.

बाजार असो, लग्न असो की मयत, भासरे पुढं आणि ती मागं, असंच ते आजवर चालत आले होते. इथं रस्ता तिलाच माहीत होता. अस्वल निघालं. भगवंतरावांनी टोपी पुन्हा नीट घातली, आणि ते नेहमीचं अंतर राखून अस्वलाच्या मागं चालू लागले.