भूल उतरताना

सुताराला ऑपरेशनची भीती नव्हती, भीती होती ती भुलीची. "शुद्धीवर येताना माणूस मनात असेल ते बडबडतो," असं सिस्टर हसत म्हणाली होती. धाकट्या भावाशी सात वर्षं अबोला होता. दर रविवारी चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर दिसला की सुतार मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहायचा. फादर म्हणाले होते, "वाईट विचार येणारच. आला की लगेच भावासाठी देवाकडे काहीतरी चांगलं माग." सुतार मागायचा, पण दात-ओठ खात.

डोळे उघडले तेव्हा बायको उशाशी होती.

"मी काही बोललो का गं?"

"बोललात की! भावजींचं नाव घेऊन."

"काय म्हणालो?"

"'येशू, त्याचा गुडघा बरा कर.' चार वेळा. ऑपरेशनचं कळलं म्हणून भावजी आले होते, इथेच उभे होते. आता बाहेर डोळे पुसत बसलेत. विचारत होते, माझा गुडघा दुखतो हे दादाला कसं कळलं?"

सुताराने मोठा श्वास सोडला.

"सात वर्षं मागच्या बाकावरून बघतोय. गुडघे टेकताना कण्हतो लेकाचा. बोलव त्याला आत."